होडीच्या बुडाचा लाल रंग

वैशाख लागला की येलदरी धरणाचं पाणी मागं सरतं आणि मला राग यायला लागतो.

मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागलेल्या असतात. मी जिंतूरहून एसटीनं माहेरी येते, फाट्यावर उतरते, आणि गावाच्या आधी मला काठ दिसतो. पाणी खाली उतरून गेलेलं, मागं उरलेला काळा गाळ, गाळाला पडलेल्या भेगा आणि त्या भेगांतून वर आलेलं पोपटी गवत. कुणाच्या गाळपेरीत टरबुजाचे वेल पसरलेले. काठानं होड्या पालथ्या घातलेल्या असतात, पोटावर ऊन घेत पडलेल्या म्हशींसारख्या. कुणीतरी तीन दगडांवर डबा ठेवून डांबर तापवत असतं. तो वास मला लहानपणापासून फार आवडायचा. आता तो नाकात शिरला की क्षणभर बरं वाटतं आणि लगेच दात आवळले जातात. त्याच्यामागून दुसरा एक वास आठवतो, गोडसर, डोकं उठवणारा. आणि आठवते ती भुकटी.

आमची निम्मी जमीन धरणात गेली. उरली ती पाण्याच्या पलीकडं. रस्त्यानं जायचं तर केवढा तरी वळसा, म्हणून दुसऱ्यांच्या घरी बैलगाडी असते तशी आमच्या घरी होडी. खताची पोती होडीतून जायची, वेचलेला कापूस होडीतून यायचा. एकदा तर व्यालेली गाय वासरासकट होडीतून आली होती, आणि माय सगळ्या वाटेनं तिचं तोंड आपल्या पदरात धरून बसली होती. दर उन्हाळ्यात होडी पालथी पडायची. वडील नारळाच्या काथ्यानं तिच्या बुडावरचं शेवाळ घासून काढायचे, फळ्यांच्या सांध्यांत घरच्या कापसाच्या वाती डांबरात बुडवून ठोकायचे आणि वरून गरम डांबराचा हात द्यायचे. आम्ही भावंडं लांब उभी राहायचो, कारण डांबर उडालं की कातडी घेऊनच निघतं. वडील गेल्यावर हे काम माझ्या धाकट्या भावाकडं, विष्णूकडं आलं. गोड्या पाण्यातल्या होडीला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. वर्षभरात धरतं ते नुसतं बुळबुळीत शेवाळ. अंगठ्यानं घासलं तरी निघतं.

हे सगळं मी आता एवढ्या ठामपणानं सांगते आहे. त्या उन्हाळ्यात मात्र मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी विचारलं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं होतं. रविवारी लोक गाड्या घेऊन पाणी बघायला यायचे, भजी खायचे, फोटो काढायचे. ते पाहून बाहेरचा एक माणूस आला. सगळे त्याला साहेब म्हणायचे, मीही इथं तेवढंच म्हणते. पांढरी पँट, गळ्यात काळा चष्मा अडकवलेला, बोलणं गोड. इथं पर्यटकांसाठी होड्या फिरवायच्या, गावातल्या पोरांना काम मिळेल, बायकांना भज्यांचे गाडे लावता येतील, असं त्यानं पारावर बसून सांगितलं. मग एका ट्रकमधून दोन मोठ्या फायबरच्या होड्या आल्या. समुद्रावरच्या, जुन्या, कितीतरी वर्षं खाऱ्या पाण्यात वापरलेल्या. वरून पांढऱ्या आणि खाली बुडाला लाल. त्या लालवर लाल, त्याच्यावर आणखी लाल, असे थरावर थर. कुठं फुगलेला, कुठं पोपडे सुटलेला, कुठं शिंपल्यांच्या वाळलेल्या खपल्या अजून चिकटलेल्या. साहेब म्हणाला, हे सगळं घासून काढायचं आणि नवा रंग द्यायचा. नव्या रंगाचे डबेही तो सोबतच घेऊन आला होता.

घासायचं काम विष्णूनं धरलं.

मी सुट्टीला आले त्या दिवशी फाट्यावरूनच घासायच्या मशीनचा आवाज ऐकू आला. काठावर आले तर लाकडी ठोकळ्यांवर उभ्या केलेल्या होडीच्या बुडाशी एक माणूस उकिडवा बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत लाल. भुवया लाल, कानाच्या पाळ्या लाल, पापण्यांवर लाल. मला वाटलं कुणीतरी मिरवणुकीतून गुलालात न्हाऊन आलंय. त्यानं मशीन थांबवलं, तोंडावरचा टॉवेल खाली ओढला आणि हसला, तेव्हा दातांवरून ओळखलं.

"ताई, कवा आलीस?"

"विष्णू, हे काय लावून घेतलंस अंगाला?"

"रंग हाय. मशीन फिरवली की उडतोय. लय चिवट हाय, निघतच न्हाई."

वारा पाण्याकडून गावाकडं होता. मशीन पुन्हा सुरू झालं आणि भुकटीचा एक लाल लोट उठून पोपटी गवतावर पसरला. गवत लाल, दगड लाल, पाण्याच्या कडेला लाल साय. तिथून जरा अंतरावर गयामावशी मेंढ्या चारत होती. ही आमच्या शेजारची म्हातारी धनगरीण, मायची मैत्रीण. उन्हाळ्यात दुसरीकडं हिरवं उरत नाही, म्हणून तिची मेंढरं या काठाच्या गवतावरच असतात.

घरी माझी भावजय रुक्मिण विष्णूचे कपडे धूत होती. "रोज असंच हाय बगा," ती म्हणाली. "तीनदा पाणी बदललं तरी रंग सुटायलाय. रात्रभर खोकतेत. डोळे तर असे चुरचुरतेत म्हणून सांगतेत, जसं मिरची कांडलीय." बादलीतलं पाणी तिनं मोरीत ओतलं. मोरीचा पांढरा ओटा गुलाबी होऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी काठावर जाऊन नव्या रंगाचा डबा उचलून बघितला. झाकणातून गोडसर, डोकं उठवणारा वास येत होता. त्यावर बारीक इंग्रजीत पुष्कळ मजकूर होता, पण तो वाचायची गरजच नव्हती. कडेला एक चित्र होतं. वाळलेलं झाड आणि त्याच्याशेजारी उलटा पडलेला मासा. माझ्या पहिलीच्या पोरांना दाखवलं असतं तरी त्यांनी अर्थ सांगितला असता.

साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मी डबा त्याच्यासमोर नेऊन ठेवला.

"हे काय आहे?"

"रंग आहे, मॅडम. समुद्रातल्या बोटींना हाच लावतात. याला शेवाळ धरत नाही, शिंपले धरत नाहीत."

"का धरत नाहीत?"

"मरतात ना. तांबं असतं यात. आणि आणखी काय काय असतं."

"मग आमचे मासे?"

तो हसला. "अहो, एवढं मोठं धरण. दोन बोटींनी काय होतंय? काही होत नाही."

"जिंतूरला माझ्या नळाला याच धरणाचं पाणी येतं."

"मग काय, मॅडम? फिल्टर लावा."

मला आजही झोपताना ते 'फिल्टर लावा' ऐकू येतं. माणूस रागानं बोलला असता तर मी विसरले असते. तो मजेत बोलला. हातातल्या पेल्यातलं ताक पीत, माशी वारत बोलला.

त्याच संध्याकाळी आमच्या घरात भांडण झालं. साहेबानं विष्णूला नव्या रंगाचा एक डबा देऊ केला होता, आपल्या होडीला लावायला. विष्णू तो खांद्यावर घेऊनच घरी आला. मी उंबऱ्यातच आडवी झाले.

"आत आणायचं नाही हे."

"कामून? फुकट मिळालंय. वर्सा-वर्साला डांबर तापवा, हात भाजून घ्या, ती बेजारी जाती. आन दिसती किती झाक. लाल होडी."

"तू त्या पाण्यात तोंड धुतोस, विष्णू."

"तू जिंतूरला ऱ्हातीस. चार दिस येतीस आन आमाला शिकवतीस. होडी कोण वल्हवतंय? तू का मी?"

उत्तर नसलं की माणूस आणखी मोठ्यानं बोलतं, तशी मी बोलले. तोही बोलला. शेजारची दारं उघडली. माय तुळशीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती उठली, तिनं डब्यावरचा उलटा पडलेला मासा बोटानं चाचपून बघितला आणि म्हणाली, "ज्या पाण्यावर आपलं रान जगतंय त्यात आपल्या हातानं जहर न्हाई सोडायचं. डबा परत दे." विष्णूनं डबा परत दिला नाही. गोठ्यात नेऊन ठेवला आणि न जेवता झोपला.

माझ्या शाळेत कोकणातल्या एक बाई आहेत, सुहास मॅडम. त्यांच्या माहेरी होड्यांचा धंदा. मी त्यांना फोन लावला आणि भुकटीचं सांगितलं.

"कोरडं घासतायत?" त्या म्हणाल्या. "मशीननं? अगं, आमच्याकडे शहाणा माणूस हे कोरडं घासत नाही. पाणी मारत घासतात, म्हणजे धूळ उडत नाही. नाकातोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा. खाली ताडपत्री अंथरतात आणि पडलेली खरवड सगळी गोळा करून नेतात. पाण्यात जाऊ देत नाहीत. आणि तुमच्या धरणात तो रंग हवाच कशाला? तिथं शिंपले कुठं धरणारेत?"

मी विष्णूला जाऊन हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, टॉवेल ओला करून तोंडाला बांधला आणि मशीन सुरू केलं. काम धरलं होतं, ते सोडायचं म्हणजे त्याला माझ्यासमोर हरल्यासारखं वाटत होतं. माझा राग त्या दिवशी साहेबापेक्षा त्याच्यावरच जास्त होता. किती मूर्खासारखं असतं हे. ज्याच्या छातीत जहर जातंय त्याच्याशीच आपण अबोला धरतो.

गयामावशीची मेंढरं आजारी पडली ती त्यानंतर. आधी एक मेंढी कळपातून मागं राहायला लागली. मग दुसरी बसली ती उठेना. डोळ्यांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या, आणि मूत काळंलाल, कोऱ्या चहासारखं. मावशीनं लिंबाचा पाला बांधला, अंगारा लावला, जिंतूरहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. डॉक्टर तरुण होता. तो एका मेलेल्या मेंढीपाशी बसला, पोट उघडून बघितलं, आणि त्यानं विचारलं, "ही कुठं चरतात?"

मावशीनं काठाकडं हात केला.

तो चालत काठापर्यंत गेला. गवताची एक मूठ उपटून हातावर चोळली. हात लाल झाला. "मेंढीला तांबं बिलकुल सोसत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या जनावराला निभावेल तेवढंही नाही. हे गवत बंद करा आधी." बाकीच्या मेंढ्यांना त्यानं सुया दिल्या, पण फारशा वाचणार नाहीत हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. एकेक करत बरीच मेली. मावशी रडली नाही. ती दर मेंढीला नावानं हाक मारायची, आणि त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी मेंढवाड्यापाशी उभी राहून सगळी नावं घ्यायची. मेलेल्यांचीसुद्धा.

दुःखाला काळ जातो तशी साय धरते. या रागाला धरत नाही. दर वैशाखात पाणी उतरतं आणि तो जसाच्या तसा उघडा पडतो.

विष्णूनं मशीन बंद केलं ते मेंढ्यांपायी. त्याला कुणी सांगितलं नाही. मेलेल्या मेंढ्या पुरायला तोच गेला होता. तिथून आला तो सरळ गोठ्यात गेला, डबा उचलला, काठावर नेऊन साहेबाच्या खुर्चीपुढं आपटला. मी, माय, रुक्मिण आणि गल्लीतल्या बायका तोवर काठावरच होतो. आम्ही खराटे घेऊन गेलो होतो. तोंडाला ओले पदर बांधून, पाणी शिंपडत, आम्ही सकाळपासून लाल भुकटी, पोपडे आणि वरचं गवत मुळासकट खरवडून पोत्यांत भरत होतो. मायचं वय काय, पण ती उठली नाही.

साहेब उभा राहिला. "मेंढ्या उन्हानं मेल्या. तुम्ही लोक काहीतरी कारण शोधता."

"डॉक्टरनं सांगितलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरला काय कळतं? समुद्रावर हजारो बोटींना हा रंग आहे."

"समुद्रावर खाली ताडपत्री अंथरतात. पाणी मारून घासतात. तुम्ही तिकडूनच आलात ना? तुम्हाला माहीत होतं."

तो चिडला, आणि चिडल्यावर खरं बोलून गेला. "अहो, तिकडं हजार नियम! खरवड इथं टाकू नका, तिथं टाकू नका. डोकं खातात. म्हणून तर इकडं आणल्या ना घासायला!"

खराटे थांबले. त्याला काय बोलून बसलो ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

म्हणजे ते अज्ञान नव्हतं. त्याला भुकटी म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. कुणाच्या काठावर ती टाकायची नाही हे ठाऊक होतं, आणि कुणाच्या काठावर टाकली तर चालतं हेही त्यानं ठरवलेलं होतं. तिकडच्यांना ताडपत्री, आम्हाला टॉवेल.

गयामावशी पुढं आली. तिच्या कपाळावर ऊन होतं. "तुज्या घरापुढं टाकशील का रं हे?" तिनं विचारलं. अगदी हळू. साहेबानं तिच्याकडं बघितलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं, "टाकशील का?" मग आम्ही सगळ्यांनी मिळून पोती उचलली आणि एकेक करत त्याच्या होडीत नेऊन टाकली. माझ्या आयुष्यात मी एवढी घाणेरडी भाषा कधी वापरली नव्हती, जेवढी त्या दुपारी वापरली. शाळेतल्या बाई म्हणून मला ओळखणारी माणसं बघत होती. बघू देत.

दोन-तीन दिवसांत ट्रक आला आणि होड्या गेल्या. एक पूर्ण घासलेली, दुसरी निम्मी. गावात लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बला टळली, म्हणाले. विष्णूनं आमची होडी पालथी घातली, सांधे भरले, डांबर दिलं. मी बाजूला बसून वाती वळून दिल्या. मध्येच तो खोकायला लागायचा आणि ब्रश हातात धरून वाकून उभा राहायचा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय, पण कशाची ते असं सांगता येत नाही. सांगता येत नाही! जिनं त्याची बादली ओतली तिला विचारा की.

मला वाटत होतं, झालं, संपलं. पण रुक्मिणचं माहेर पालमकडं आहे. सुट्टी संपत आली तेव्हा तिच्या भावाचा फोन आला. सहज बोलता बोलता तो म्हणाला, आमच्या तलावावर मोठ्या होड्या आल्यात, खालून लाल असलेल्या. रुक्मिणनं फोन हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

मी काही बोलायच्या आधी विष्णूनं खुंटीवरचा सदरा काढला. "चल ताई."

"तू कशाला? तुला धूळ सोसत नाही. मी एकटी जाते."

"तुजं कोण ऐकतंय?" तो म्हणाला. "मी तरी कुठं ऐकलं व्हतं?"

आम्ही एसटीनं परभणीला आलो, तिथून पालमची गाडी धरली. गाडीत उकडून निघत होतं. विष्णू खिडकीशी बसला होता आणि खोकला आला की रुमाल तोंडात कोंबत होता. शेजारची बाई पोराला घेऊन दुसरीकडं जाऊन बसली. त्यानं ते पाहिलं. मला त्या बाईचाही राग आला, आणि तिचं काही चुकलं नाही म्हणून आणखी राग आला.

तलाव लहान होता. आमच्या धरणासमोर डबकंच. पण काठ तसाच, पाणी उतरलेलं, भेगांतून वर आलेलं तसंच पोपटी गवत. त्यात बकऱ्या चरत होत्या, आणि राखणारी बाई बाभळीखाली बसलेली. मशीनचा आवाज आम्ही बांधावर चढायच्या आधीच ऐकला. साहेब कुठं दिसत नव्हता. निम्म्या राहिलेल्या होडीच्या बुडाशी एक माणूस उकिडवा बसला होता. मिशा पिकलेल्या असाव्यात, पण त्या लालच दिसत होत्या. तोंडाला साधा रुमाल.

विष्णू बांध उतरून धावत सुटला. त्याला धावणं जमत नव्हतं. "बंद कर!" तो ओरडला. "बंद कर ती मशीन!" मला वाटलं, आता हा त्या माणसाच्या अंगावर जातो.

त्या माणसानं बटण दाबलं. मशीन घरघरत थांबलं. त्यानं आम्हा दोघांना खालीवर बघितलं.

"तुमी कोण? साहेबाचे माणसं का?"

विष्णूला खोकला आला. तो वाकला, गुडघ्यांवर हात टेकले, आणि बराच वेळ त्याला बोलताच येईना. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर करून मला गप्प केलं. तो माणूस वाट बघत बसून राहिला. शेवटी विष्णू सरळ झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुज्या आदी ही होडी मी घासली. त्या गवतानं आमच्याकडची मेंढरं मेली."

त्या माणसानं मशीन खाली ठेवलं. तोंडावरच्या रुमालाची गाठ सोडली, रुमाल उलटा केला आणि आतली बाजू बघितली. आतूनही लाल होता. मग उठून बाभळीकडं वळला आणि गळा फाडून ओरडला, "अगं ए, बकऱ्या माघारी घे! माघारी घे म्हणतो ना!"